मूकपटातला बोलपट: 'अ कॉटेज ऑन डार्टमूर' (१९२९) कोणी बघितलाय का?

उशिराची_लोकल

परवा रात्री झोप येईना म्हणून एक जुना ब्रिटिश मूकपट लावला, म्हटलं दहा मिनिटांत डोळा लागेल. कसलं काय, दीड तासाने मी ताठ उठून बसलो होतो आणि नंतर चहा टाकायला गेलो तर काडी पेटवताना हात थरथरत होता. पिक्चरचं नाव 'अ कॉटेज ऑन डार्टमूर', साल १९२९, दिग्दर्शक अँथनी अ‍ॅस्क्विथ.

गोष्ट म्हणाल तर दोन ओळींची. सलूनमध्ये कामाला असलेला जो, त्याच सलूनमध्ये गिऱ्हाइकांची नखं करून देणारी सॅली, आणि दाढीला येणारा शेतकरी हॅरी. जोचा जीव सॅलीवर, सॅलीचा हळूहळू हॅरीवर. पण सुरुवात शेवटाकडून आहे. जो तुरुंगातून पळालाय, इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या उजाड माळावरून धावत सुटलाय, आणि लांबवर एका एकट्या घरात सॅली लेकराला निजवायच्या गडबडीत आहे. तो समोर येऊन उभा राहतो, ती किंचाळते, पडद्यावर शब्दांची पाटी येते 'जो!' आणि पुढच्या शॉटला तोच जो स्वच्छ कपड्यात सलूनमध्ये, जणू त्याच हाकेला ओ देतोय. मागची गोष्ट सुरू झाली हे कळायला मला दोन सेकंद लागले. आजकाल 'सहा महिन्यांपूर्वी' असं लिहून दाखवतात ते आठवून हसू आलं.

धागा काढायचं कारण मात्र एकच प्रसंग आहे. हॅरी सॅलीला सिनेमाला घेऊन जातो, जो त्यांच्या मागोमाग जाऊन मागच्या रांगेत बसतो. खेळात आधी एक विनोदी मूकपट आहे आणि मग 'टॉकी', म्हणजे बोलपट. आणि पडदा आपल्याला एकदाही दाखवत नाहीत. एकदाही नाही! दिसतात ते फक्त बघणारे लोक. मूकपट चालू असतो तेव्हा पुढचे वादक घाम गाळून वाजवतायत, व्हायोलिनचे गज सटासट वरखाली, लोक हसून हसून खुर्चीतून घसरतायत. मग टॉकी लागतो आणि वादक वाद्यं खाली ठेवतात. एकजण सँडविच काढतो, कोणी बिअर पितोय, पत्त्यांचा डाव पडतो. आणि वर सगळं थेटर चिडीचूप. माना पुढे, कपाळाला आठ्या, कान टवकारलेले. एक म्हातारी कानाला कर्णा लावून बसलीय आणि शेजारीण तिला काय बोलले ते सांगतेय. दोन पोरं शेजारच्या चष्मेवाल्याला बघून एकमेकांना ढोसतायत, की हा मूकपटातला विनोदी नट हॅरॉल्ड लॉईड तर नव्हे (तो चष्मेवाला म्हणजे खुद्द अ‍ॅस्क्विथ). आणि या सगळ्यांत जो एकटाच पडद्याकडे बघत नाहीये. तो समोरच्या दोन डोक्यांकडे बघतोय.

नेमका तेव्हाच मुलगा पाणी प्यायला उठला, स्क्रीनकडे बघून म्हणाला, बाबा, आवाज बंद आहे तुमचा.

आता खरी गोम. या प्रसंगाला मुळात आवाज होता! पिक्चर मूक, पण एवढ्या भागासाठी बोलणं रेकॉर्ड केलेलं होतं, तेही जर्मनीत जाऊन, कारण कंपनीकडे स्वतःची सोय तयार नव्हती. तो आवाज पुढे हरवला. आज आपल्याला दिसतात ते काहीतरी मन लावून ऐकणारे लोक, आणि ते काय ऐकतायत ते जगात कोणालाच ऐकू येत नाही. मला तरी तो आवाज नाही हेच बरं वाटलं. कोणी बघितला असेल तर बोला. आणि याला प्रेमकथा म्हणायचं का खुनाची गोष्ट, हेही सांगा.

हेमाकाकू

बघितला नव्हता, तुमचं वाचून काल बघितला. फोटोग्राफी सुंदर, माळावरचं ते एकटं झाड डोळ्यांसमोरून जात नाही. पण प्रेमकथा? अहो, ती पोरगी पहिल्यापासून अवघडलेली आहे. बोर्डिंग हाऊसमध्ये तो तिच्याशेजारी येऊन बसतो तेव्हा तिचं अंग कसं चोरलेलं आहे बघा. सभ्यपणा म्हणून हसते, आणि तो त्या हसण्याचा अर्थ स्वतःला हवा तसा लावतो. आमच्या ऑफिसात असे दोन होते. एकाला मी शेवटी सरळ सांगितलं, की बाबा रे मी सगळ्यांशीच हसून बोलते. तर म्हणून मला जोची दया वगैरे आली नाही. तिच्या मागे थेटरात जाऊन बसणं हे प्रेम नाही, पाळत आहे.

शंकासुर

काकूंशी सहमत पण एक शंका, १९२९ ला ब्रिटनमध्ये बोलपट आले होते ना? हिचकॉकचा 'ब्लॅकमेल' त्याच साली आलाय आणि तो पहिला ब्रिटिश बोलपट. मग या अ‍ॅस्क्विथने मूकपट काढलाच का? पैसे नव्हते का हट्टी होता?

रिळवाला

शंकासुर, 'पहिला' म्हटलं की भांडण लागतं, म्हणून जरा सांभाळून. त्याच साली व्हिक्टर सॅव्हिलचा 'किटी' नावाचा प्रेमपट आलाय. वॉर्विक डीपिंगची कादंबरी, एस्टेल ब्रोडी आणि जॉन स्टुअर्ट. तो आधी पूर्ण मूक काढला, मग कंपनीला धाक बसला की आता मूक कोण बघणार, तर सगळे बोटीने न्यूयॉर्कला गेले आणि तिथल्या आरसीए कंपनीच्या स्टुडिओत उत्तरार्धाचं बोलणं घेतलं. म्हणजे पिक्चर अर्ध्यापर्यंत मुका आणि मग पात्रं एकदम बोलायला लागतात! ब्रिटिश प्रेमकथा, पण आवाज घ्यायला अटलांटिक ओलांडावा लागला, कारण इंग्लंडात तेव्हा यंत्रंच नव्हती. म्हणून 'ब्लॅकमेल'च्या नावापुढे लोक 'पूर्ण लांबीचा' वगैरे शब्द लावून पळवाट काढतात.

आणि 'ब्लॅकमेल'सुद्धा आधी मूकच सुरू झाला होता. नंतर बराच भाग आवाजासकट परत घेतला. मूक आवृत्तीही थेटरांत लागली, कारण गावोगावच्या थेटरांत स्पीकर बसलेच नव्हते. तेव्हा १९२९ ला मूकपट काढणं म्हणजे हट्ट नव्हे, धंदा तसाच चालला होता. अमेरिकेचा गाजलेला बोलपट 'द जाझ सिंगर' लंडनला लागला सप्टेंबर १९२८ मध्ये. म्हणजे वर्षसव्वा वर्षाचा खेळ आहे हा सगळा. कोणाला काही कळायच्या आत उलथापालथ झाली.

मी स्वतः अठरा वर्षं एका एकपडदा थेटरात ऑपरेटर होतो म्हणून आवाजाचं थोडं सांगतो, कंटाळा आला तर पुढे जा. तेव्हा दोन तऱ्हा होत्या. एक तबकडीची. प्रत्येक रिळाला एक सोळा इंची तबकडी, मिनिटाला सव्वातेहतीसच्या जरा वर फेरे, आणि सुई आपल्या ग्रामोफोनच्या उलट, आतून बाहेर जायची. तबकडीवर खूण केलेली असायची तिथे सुई ठेवायची, रिळावरची 'स्टार्ट' फ्रेम प्रोजेक्टरच्या गेटमध्ये धरायची आणि दोन्ही एकदम सोडायचं. हजार फुटांचं रीळ साधारण अकरा मिनिटं. आता समजा रीळ तुटलं. आम्ही काय करायचो, खराब झालेल्या दोनचार फ्रेम कापायच्या, चिकटवायचं, पब्लिकला कळायच्या आत चालू. तबकडीवाल्याला ते करता यायचं नाही. चार फ्रेम कापल्या की पुढचं सगळं बोलणं चार फ्रेम मागेपुढे, म्हणून जितक्या कापल्या तितक्या काळ्या फ्रेम मध्ये घालाव्या लागत. दुसरी तऱ्हा म्हणजे फिल्मच्याच कडेला आवाजाची पट्टी. शेवटी तीच टिकली. तबकडी फुटते, हरवते, दुसऱ्याच रिळाच्या डब्यात जाते.

उशिराची_लोकल

रिळवाला, कंटाळा कसला, अजून लिहा! आणि काकू, मुद्दा मान्य. पण पिक्चर जोची बाजू घेतो असं मला नाही वाटलं. तो आपल्याला जोच्या डोक्यात नेऊन बसवतो आणि मग बाहेर यायचं दार सापडत नाही. दोन्हींत फरक आहे.

सप्तक

मी आवाजाबद्दलच लिहिणार होतो पण दुसऱ्या बाजूने. तो पत्ते खेळणाऱ्या वादकांचा शॉट बघून लोक हसत असतील, मला गलबलून आलं. आमचे पणजोबा तबला वाजवायचे, मूकपटाला. थेटरात पडद्यापुढे एक पेटी एक तबला, मारामारी आली की द्रुत, हिरॉइन रडायला लागली की पेटीवाला एकटा, आणि कधीकधी पाट्या मोठ्याने वाचून दाखवायला एक माणूस कारण पब्लिकमध्ये वाचता येणारे थोडे. आजोबा सांगायचे की ते रोज एकच पिक्चर वाजवायचे पण रोज वेगळं वाजवायचे आणि शनिवारी पब्लिक चेकाळलेलं असलं तर वाघाच्या सीनला तबल्यावर असा काही घुमारा काढायचे की पुढच्या रांगेतली पोरं उठून पळायची, आणि मग बोलपट आले आणि मालकाने एका आठवड्याचे पैसे हातावर ठेवून सांगितलं उद्यापासून नको. एवढंच. नंतर ते भजनी मंडळात वाजवत राहिले.

इंग्लंडातही हेच झालं, फक्त मोठ्या प्रमाणावर. तिथे बऱ्यापैकी थेटरात पूर्ण वाद्यवृंद असायचा, वाजवणाऱ्यांना नोकरी देणारा सगळ्यात मोठा धंदा सिनेमा होता, आणि बोलपट आल्यावर दोनतीन वर्षांत हजारोंची भाकरी गेली. अ‍ॅस्क्विथने त्यांना पत्ते खेळताना दाखवलंय. पिक्चर बाहेर आला तोवर त्यांतल्या कितीतरी जणांना पत्ते खेळायला थेटरही उरलं नसेल. काय योगायोग म्हणायचा हा.

पाटीवाचक

दंडवत सप्तक. आपल्याकडे 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला इम्पीरियल थेटरात लागला आणि

रिळवाला

मॅजेस्टिक, पाटीवाचक. गिरगावातलं मॅजेस्टिक. इम्पीरियल ही कंपनी, अर्देशीर इराणींची. स्टुडिओजवळून आगगाड्या जायच्या म्हणून शूटिंग रात्री, गाड्या बंद झाल्या की.

पाटीवाचक

अर्धवट पाठवला गेला माझा प्रतिसाद, आणि चूक मान्य. म्हणायचं होतं ते वेगळंच. 'ब्लॅकमेल'ची हिरॉइन अ‍ॅनी ओंड्रा. मूकपटात तिचं मस्त चाललं होतं, पण इंग्रजीत उच्चार अगदी परदेशी, आणि पात्र लंडनच्या दुकानदाराची मुलगी. मागाहून आवाज चिकटवायची सोय तेव्हा नव्हती. मग काय केलं, जोन बॅरी नावाची नटी कॅमेऱ्याच्या बाहेर माइकपाशी उभी राहून वाक्यं बोलायची आणि ओंड्रा कॅमेऱ्यापुढे नुसते ओठ हलवायची. तिथल्या तिथे, लाइव्ह! नीट बघितलं तर कळतं, ओठ किंचित आधी किंवा नंतर हलतात.

आपल्याकडे याचीच बहीण म्हणजे सुलोचना, खरं नाव रुबी मायर्स, पुण्यात जन्मलेली. मूकपटातली सगळ्यात मोठी स्टार, आणि बोलपट आल्यावर हिंदुस्थानी येईना. पण तिने कोणाचा आवाज उसना नाही घेतला, काम थांबवून भाषा शिकली आणि परत आली, आणि आपल्याच गाजलेल्या मूकपटांचे बोलपट केले. मला ही गोष्ट कुठल्याही पिक्चरपेक्षा भारी वाटते.

उशिराची_लोकल

वा! आणि याच चष्म्यातून आपल्या पिक्चरकडे बघा. जो झालाय तो ऊनो हेनिंग, स्वीडनचा. हॅरी झालाय तो हान्स श्लेटो, जर्मन, जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांगच्या 'नीबेलुंगन'मध्ये हागेन झाला होता तोच. सॅली म्हणजे नोरा बेअरिंग, ती इंग्लिश. म्हणजे प्रेमाचा त्रिकोण आहे आणि तीन कोन तीन भाषांचे! सेटवर कोण कोणाशी काय भाषेत बोलत असेल देव जाणे, आणि पडद्यावर त्याने काडीचा फरक पडत नाही. जो इंग्लंडमधला सलूनवाला वाटतो, हॅरी डेव्हनचा (डार्टमूर तिथलंच) शेतकरी वाटतो. आणखी एक वर्ष उशीर झाला असता तर हे तिघे एका पिक्चरमध्ये उभेच राहिले नसते. बेअरिंगबाई पुढच्या वर्षी हिचकॉकच्या 'मर्डर!'मध्ये बोलल्या. बाकी दोघांना इंग्रजी बोलपटात कोण घेणार?

वेल्विनचा_वारा

अरे काय धागा आहे, उशिरा आलो. मी इथे हर्टफर्डशरमध्ये राहतो, वेल्विन गार्डन सिटीला नोकरी. हा पिक्चर ज्या कंपनीने काढला त्या ब्रिटिश इन्स्ट्रक्शनल फिल्म्सचा स्टुडिओ इथेच होता. सोबतीला स्वीडनची स्वेन्स्क फिल्मइंडस्ट्री, म्हणून तो स्वीडिश जो. हे गाव म्हणजे १९२० ला एबेनेझर हॉवर्डने वसवलेलं, झाडं किती, घरं किती, कारखाने कुठे सगळं आधी कागदावर. अशा सोज्वळ गावात बसून त्या माणसाला वस्तऱ्याचे विचार सुचत होते याची मला दर वेळी गंमत वाटते.

या कंपनीचं नाव कुठे तरी ऐकल्यासारखं वाटतंय का? हिमांशु राय यांच्याबरोबर 'शिराझ' आणि 'प्रपंच पाश' केले तीच ही. 'प्रपंच पाश' पण १९२९ चाच, आणि देविका राणी त्याच्या सजावटीच्या कामात होत्या. म्हणजे एकाच वर्षी एकाच कंपनीच्या एका पिक्चरमध्ये राजस्थानात हत्ती घोडे आणि हजारोंची गर्दी, आणि दुसऱ्यात तीन माणसं आणि एक वस्तरा. पुढे मालाडला बॉम्बे टॉकीज उभी राहिली त्या दोघांची, ती गोष्ट सगळ्यांना माहीतच आहे. दोन्ही पिक्चर ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने दुरुस्त करून परत काढलेत, 'शिराझ'ला अनुष्का शंकरचं संगीत आहे, 'प्रपंच पाश'ला नितीन सॉनीचं. जरूर बघा.

डार्टमूरलाही गेलोय, दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात. मे महिना, तरी जॅकेट काढता आलं नाही. आपल्या कोकणातला सडा आठवा, पण कातळ काळा नाही करडा, ग्रॅनाइटचा, आणि टेकड्यांच्या डोक्यावर दगडांच्या चळती रचल्यासारख्या. मध्ये मध्ये दलदल, वरून हिरवळ दिसते आणि पाय टाकला की घोट्यापर्यंत आत. मोकाट तट्टं चरत असतात. धुकं आलं की पंधरा मिनिटांत गाडीचा रस्ता दिसेना. तुरुंग प्रिन्सटाउनला आहे, नेपोलियनच्या युद्धातल्या कैद्यांसाठी १८०९ ला सुरू झालेला. २०२४ ला रेडॉन वायू सापडला म्हणून सगळे कैदी हलवले. बाहेरून बघितलं तरी पोटात खड्डा पडतो. पिक्चरमध्ये जो भिंतीवरून उडी टाकून धावतो तेव्हा मला पहिला विचार आला, की अरे जाणार कुठे?

शंकासुर

एक नंबर माहिती. पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे, की हा अ‍ॅस्क्विथ पंतप्रधानांचा मुलगा ना? मग वशिल्यानेच पिक्चर मिळाले असणार की. हिचकॉकचा बाप भाजी आणि कोंबड्या विकायचा. उगाच बरोबरी नको.

पाटीवाचक

बाप पंतप्रधान होता १९०८ ते १९१६, खरंय. नाव कामाला आलं असेल, नाही कोण म्हणतो. पण वशिल्याने कॅमेरा मिळतो, शॉट मिळत नाही. २६-२७ वर्षांचा पोरगा होता तो. १९२५ ला लंडनला फिल्म सोसायटी निघाली त्यात हा सुरुवातीपासून, तिथे रशियन जर्मन पिक्चर बघून बघून डोळा तयार झालेला. वस्तऱ्याचा प्रसंग बघा ना. (इथून पुढे ज्यांना बघायचाय त्यांनी वाचू नका.)

हॅरी दाढीला येतो, सॅली त्याचा एक हात हातात घेऊन नखं करत बसलीय, जोला बोटातली अंगठी दिसते. साबणाचा फेस लावून झालाय, मान मागे टाकलेली, गळा उघडा. जोच्या हातात वस्तरा. आणि मग अ‍ॅस्क्विथ घाईच करत नाही हो! फेस, पातं, अंगठी, डोळे, परत पातं. आणि जेव्हा व्हायचं ते होतं तेव्हा गळा दाखवतच नाही, ताणलेली दोरी तटकन तुटते, तोफा उडतात. सेकंदाचे तुकडे. सलूनमध्ये मी आता डोळे मिटून बसू शकत नाही, परवाच आमच्या सलूनवाल्याला म्हटलं की बाबा ट्रिमरनेच कर.

आता 'ब्लॅकमेल' घ्या. तिथेही पातं आहे, सुरी. नाश्त्याच्या टेबलावर शेजारीण बडबडतेय आणि तिच्या बडबडीतला बाकीचा आवाज पुसट होत होत फक्त 'सुरी, सुरी' एवढंच ऐकू येत राहतं, आणि हिरॉइनच्या हातातून सुरी उडते. एकाच वर्षात, लंडनच्या आसपास, तिशीच्या आतबाहेरची दोन पोरं एकाच धारदार वस्तूभोवती बसलीत. एकजण आवाजाने कापतो, एकजण आवाज नसताना. मला निवड करायला सांगू नका.

हेमाकाकू

मी करते की निवड. अ‍ॅस्क्विथ. हिचकॉकने सुरी ऐकवली ती युक्ती म्हणून लक्षात राहते. सलूनचा प्रसंग बघताना मला युक्ती वगैरे काही दिसलंच नाही, नुसता घाम फुटला.

आणि हो, दुसऱ्यांदा बघितला रात्री. जोबद्दल मत बदललं नाही, पण हॅरीबद्दल बदललं. पहिल्यांदा तो मला ठोंब्या वाटला होता. शेवटी हॅरीचा गळा कापायला निघालेला माणूस हॅरीच्याच घरात लपलेला सापडतो, आणि बायकोच्या शब्दाखातर हॅरी त्याला पळून जायला मदत करतो. काय बोलत नाही, तोंड वाकडं करत नाही. प्रेमकथा असलीच तर ती या दोघांची आहे बरं का, सॅली आणि हॅरीची. ती कोणाला दिसत नाही कारण जो सारखा मध्ये उभा असतो.

सप्तक

काकू, हे म्हणजे एकदम वेगळंच दाखवलंत. हो की. आपण सगळे जोच्याच मागे धावतोय.

पण मग तो परत का येतो? सुटण्याची सोय झालेली असते, निघतोही, आणि मग वळतो, गोळी लागणार हे माहीत असून. तिच्या मांडीवर मरतो. माफी म्हणून, का शेवटपर्यंत तिला सोडायचंच नाही म्हणून?

हेमाकाकू

सोडायचंच नाही म्हणून. मरतानासुद्धा तिच्याच दारात! आता त्या बाईने आयुष्यभर त्या उंबऱ्यावरून ये-जा करायची.

उशिराची_लोकल

बाप रे काकू. मी तो शेवट बघून हळहळलो होतो, आता परत बघावा लागणार.

शंकासुर, अ‍ॅस्क्विथने पुढे बोलपटही उत्तम काढले, 'पिग्मॅलियन' १९३८ चा त्याचाच, लेस्ली हॉवर्डबरोबर केलेला. आणि त्याची गोष्ट कसली तर बोलण्याची, उच्चारांची! मूकपटाचा शेवटचा मोहरा म्हणावा असा माणूस पुढे इंग्रजी उच्चार शिकवणाऱ्या प्रोफेसरचा पिक्चर काढतो. पण मध्ये काही वर्षं तो चाचपडत होता असं त्याचे मधले पिक्चर बघून मला वाटलं. माइक आला आणि कॅमेरा जागेवर बसला, तो बसवणं ज्यांना जड गेलं त्यांतला हा.

रिळवाला

जागेवर बसला म्हणजे अक्षरशः बसला. कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये जायची म्हणून सुरुवातीला कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांना बंद पेटीत कोंडायचे, पुढे काच. आत हवा नाही, दिव्यांची उष्णता वेगळीच. मूकपटात हँडल मारणारा माणूस वेग कमीजास्त करू शकायचा, सेकंदाला सोळा काय वीस काय. आवाज आला आणि चोवीस पक्के झाले, कारण वेग हलला की आवाज रडका नाहीतर चिपमंकसारखा. 'डार्टमूर'मध्ये कॅमेरा कसा माणसांच्या चेहऱ्यांवरून भिरभिरतो बघा, तो त्यानंतर काही वर्षं गायब झाला सगळीकडूनच.

अबोली_२१

वाचनमात्र असते एरवी, पण आज लिहावंसं वाटलं. माझ्या आईला लहानपणापासून कमी ऐकू येतं, आता जवळजवळ नाहीच. मशीन लावते पण थेटरात मशीनमध्ये सगळा गोंगाटच येतो म्हणून आम्ही तिला सिनेमाला न्यायचंच सोडलंय. घरी टीव्ही लावला की मी शेजारी बसून हाताने आणि ओठाने सांगायचं, आता हा असं म्हणाला, ती तसं म्हणाली. मी सांगेपर्यंत पुढचे दोन डायलॉग झालेले असतात आणि मग ती म्हणते राहू दे, मी नुसती बघते.

तुमचा धागा वाचून रविवारी दुपारी तिच्यासोबत हा लावला. इंग्रजी पाट्या तेवढ्या मी सांगितल्या, त्या आहेतच किती. बाकी तिने मला एकदाही विचारलं नाही काय झालं म्हणून. उलट मलाच सांगत होती, बघ बघ तो अंगठीकडे बघतोय. ती कर्ण्यावाली म्हातारी आली तेव्हा तिने माझ्या दंडावर जोरात चापट मारली आणि म्हणाली, ही मी, आणि ती शेजारची तू. आणि मग इतकी हसली की डोळ्यांतून पाणी. पुढे ते सगळे कान टवकारून बसलेले लोक आले, तेव्हा म्हणाली, बघ आता यांना पण बघताना कष्ट पडायला लागले.

अजून असे कुठले आहेत ते सांगाल का कोणी? पाट्या कमी असलेले.

उशिराची_लोकल

अबोली, काय लिहिलंत. आईंना नमस्कार सांगा.

याच अ‍ॅस्क्विथचा 'अंडरग्राउंड' (१९२८) लावा, लंडनच्या भुयारी रेल्वेतली प्रेमकथा, यापेक्षा हलका आहे, सरकते जिने, गर्दी वगैरे, आईंना आवडेल. शेवटी पाठलाग आहे जबरदस्त.

पाटीवाचक

आणि 'पिकॅडिली' (१९२९), ड्यूपाँचा, अ‍ॅना मे वाँग आहे. हॉटेलच्या मोरीत बश्या धुणारी मुलगी टेबलावर उभी राहून नाचते तिथून पिक्चर जो पकडतो. त्यालाही नंतर बोलपटाचा जमाना आला म्हणून सुरुवातीला पाच मिनिटांचा बोलणारा तुकडा चिकटवला होता, तो सोडून मूळचा बघा. काही चुकत नाही.

वेल्विनचा_वारा

अबोली, 'शिराझ' पण. ताजमहालाची गोष्ट आहे, आईंना पाट्यांची गरजच पडणार नाही. प्रिंट एकदम चकचकीत आहे.

अबोली_२१

धन्यवाद सगळ्यांना! यादी करून फ्रिजवर लावलीय. आई विचारतेय की त्या म्हाताऱ्या बाईला शेवटी गोष्ट कळली का, म्हटलं ते नाही दाखवलं.